वायनरीचा ताळेबंद सांडपाण्यात वाचावा

नाशिक परिसरातल्या वायनरीचे वर्ष कागदावर बारा महिन्यांचे, पण गाळपाचा हंगाम जानेवारी ते मार्च असा जेमतेम दहा-बारा आठवड्यांचा. पाणी, वीज आणि मजुरी यांचा सगळा ताण तेवढ्याच काळात येतो. पैसा गळतो तोही तेव्हाच, आणि तो गळताना दिसण्याची जागा एकच: सांडपाण्याची नाली.

सांडपाण्याची तपासणी करावीच लागते. तिचा अहवाल फायलीत जातो. खरे तर तो हिशेबनिसाच्या टेबलावर जायला हवा. त्यातला सीओडीचा आकडा पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवायला किती प्राणवायू लागेल ते सांगतो. साधारण 12 टक्के अल्कोहोलच्या वाईनचा सीओडी लीटरला सुमारे 200 ग्रॅम असतो. रसाचाही जवळपास तेवढाच, कारण आंबताना साखरेतली बहुतेक ऊर्जा अल्कोहोलमध्येच जाऊन बसते. समजा, एक लीटर वाईनमागे 3 लीटर सांडपाणी निघते आणि त्याचा सीओडी लीटरला 4 ग्रॅम आहे. म्हणजे 12 ग्रॅम. त्याला 200 ने भागले की 60 मिलिलीटर, म्हणजे दर लीटरमागे एवढी वाईन किंवा रस नालीत गेला. वर्षाला 50,000 लीटर वाईन करणाऱ्या वायनरीत हे 3,000 लीटर होतात, बाटल्यांत मोजले तर 4,000. यातले सगळे वाचवता येण्यासारखे नसते. टाकीच्या तळचा यीस्टचा गाळही त्यातच असतो. पण जे नालीत गेले ते शुद्ध करायला पुन्हा पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरची वीज जाळावी लागते. एकाच द्राक्षाचे पैसे दोनदा मोजायचे.

उपाय अगदी साधे आहेत. प्रेस (द्राक्षे पिळायचे यंत्र) आणि फरशीवरचा चोथा आधी फावड्याने आणि वायपरने कोरडाच उचलावा, पाणी नंतर. नालीच्या तोंडाशी 1 ते 2 मिलिमीटरची जाळी हवी. होसपाईपला ट्रिगर नोझल लावावे. 20 लीटरची बादली 40 सेकंदांत भरत असेल, तर फोन घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातून खाली पडलेली नळी दहा मिनिटांत 300 लीटर पाणी ओतते. टाकीतला गाळ धुऊन काढण्याऐवजी लहान टाकीत गोळा करून थंड ठेवला, तर वर निवळलेली वाईन काढून घेता येते.

टाकी धुण्याचा क्रम साधे पाणी, कोमट कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचे पाणी), पाणी, सौम्य सायट्रिक आम्ल आणि शेवटी पाणी असा असतो. हे शेवटचे पाणी पुढच्या टाकीच्या पहिल्या धुण्याला चालते. इथे एक धोका आहे. नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. झाकण बंद ठेवून त्यात कॉस्टिक फवारले, तर ते हा वायू शोषून घेते, आत निर्वात तयार होतो आणि लाखोंची स्टीलची टाकी डब्यासारखी चेपते. तसे झाले नाही तरी बरेच कॉस्टिक वायूशी संयोग होऊन वाया जाते. म्हणून आधी पंखा लावून टाकी हवेशीर करावी, आणि तोवर माणसाने आत डोके घालू नये. हाच वायू माणूसही मारतो.

कॉस्टिक सोड्यातले सोडियम पुढे बागेलाही त्रास देते. शुद्ध केलेले पाणी बागेला सोडले तरी सोडियम त्यात राहतेच. काळ्या जमिनीतली चिकणमाती त्याने विस्कटते, भेगा-छिद्रे बंद होतात, पाणी वर साचते आणि मुळे गुदमरतात. त्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले तर महाग पडते, पण माती तरी वाचते. तेही हात राखूनच वापरावे.

शुद्धीकरण प्रकल्प हंगामाच्या तोंडावर हमखास फसतो, कारण त्यातले जिवाणू नऊ महिने उपाशी असतात. तीन-चार आठवडे आधी चालू प्रकल्पातला जिवंत गाळ आणून त्यांना थोडे थोडे खाद्य द्यावे. वायनरीच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद कमी असतात. युरिया, डीएपी ही खते मोजून घातली नाहीत तर धाग्यांसारखे जिवाणू माजतात आणि गाळ खाली बसत नाही. आम्लता चुन्याने आधीच उतरवावी.

आता थंडावा. टनभर द्राक्षे 28 अंशांवरून 13 अंशांवर आणायची तर सुमारे 15 युनिट उष्णता काढावी लागते, चिलरला (थंड करणाऱ्या यंत्राला) वीज लागते 5 युनिट. पहाटे तोडणी केली की हे वाचते. वीजबिलात फरक किरकोळ, मजुरी उलट थोडी वाढते. खरा फायदा यंत्राच्या आकारात आहे. दुपारी आलेली 20 टन द्राक्षे चार तासांत थंड करायला सुमारे 21 टीआरचा (टीआर म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) चिलर लागतो, आणि वर्षाचे नऊ महिने तो जवळपास बसून राहतो, कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने. दुसरी चूक ग्लायकॉलच्या, म्हणजे टाक्यांभोवती फिरणाऱ्या थंड द्रवाच्या, तापमानाची. आंबवणीला 12 ते 16 अंश पुरतात, पण एका टाकीत टार्ट्रेटचे खडे पाडायचे म्हणून सगळी यंत्रणा उणे तापमानावर चालवली जाते. खाली नेलेल्या प्रत्येक अंशामागे वीज साधारण 2-3 टक्के वाढते. हे काम हंगाम उरकल्यावर वेगळे करावे. नाशिकला हंगामात आकाश निरभ्र असते, त्यामुळे सौरवीज इथे छान जुळते. दुपारी ग्लायकॉल थंड करून ठेवायचे, रात्री वापरायचे.

बाटलीचे थोडक्यात: 600 ग्रॅमऐवजी 420 ग्रॅमची घेतली तर हजार बाटल्यांमागे 180 किलो काच वाचते, ट्रकचे डिझेलही. स्पार्कलिंगला (फेसाळणाऱ्या वाईनला) मात्र जाड काच हवीच.

वाईनची द्राक्षे बारीक, बियांची. खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. 2008-09 च्या मंदीनंतर विक्री अडली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी या बागा काढून टाकल्या. म्हणून शेतकऱ्याशी करार करताना ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेच्या) आकड्याबरोबर क्रेटचे तापमानही लिहावे, आणि पहाटेच्या तोडणीची जादा मजुरी वायनरीने द्यावी. मोठ्या चिलरच्या हप्त्यापुढे ती फारच थोडी असते.