कॅसेटमधून फोटो काढायचा तर: दोन फील्डची भानगड

ठाण्यात नौपाड्याकडे लग्नाचं एडिटिंग करतो, हल्ली एक काम सारखं येतं. जुनी लग्नाची कॅसेट, आणि तिच्यातून गेलेल्या आजोबांचा एक चांगला फोटो काढून हवाय, भिंतीवर लावायला.

व्हीएचएसच्या काळात टीव्हीवर पॉज करून समोरून फोटो मारायचे, बस. १९९५ ला मिनीडीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट आली, मग फायरवायर नावाच्या केबलने कॅसेट सरळ कम्प्युटरवर उतरायला लागली आणि टाइमलाइनवरून हवी ती फ्रेम एक्सपोर्ट करता यायला लागली.

पण ती फ्रेम म्हणजे एक फोटो नव्हेच. आपल्याकडच्या टीव्ही-कॅसेटची पाल सिस्टीम, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, २८८ ओळींची एकेक, दोघांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. अंतरपाट बाजूला झाला, मामांचा हात अक्षता टाकायला वर गेला आणि नेमकी तीच फ्रेम काढली की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात.

त्यावर उपाय डीइंटरलेस, म्हणजे ही दोन फील्डची सरमिसळ काढून टाकणं, आणि वाद इथेच आहे. एक फील्ड फेकून द्यायचं, गाळलेल्या ओळी सॉफ्टवेअर अंदाजाने भरणार. हात हलतोय तिथे ठीक, पण खूप जणांनी सरसकट सगळ्याच फ्रेमना ते लावलं. नवरी मान खाली घालून बसलीय, काहीच हलत नाहीये, तिथेही अर्ध्या ओळी गेल्या आणि नथीचे मोती एकमेकांत मिसळले. माझ्या मते ही मोठीच चूक झाली, स्थिर फ्रेममध्ये दोन्ही फील्ड ठेवायलाच हवीत. दोन्ही फील्ड ब्लेंड करणं, म्हणजे एकमेकांत मिसळणं, तर त्याहून वाईट, हलणारा हात डबल दिसतो.

शिवाय कॅसेटची ७२०×५७६ पिक्सेलची फ्रेम तशीच सेव्ह केली तर चेहरे लांबट येतात, रुंदी ७६८ करावी लागते.

आता फोरके व्हिडिओमध्ये एका फ्रेमला जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं बटण दाबलं की स्टिल तयार, पीएनजी किंवा टिफ घ्या, जेपीजी नको. शूट करताना शटर ५० वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर असेल तर हलणारा हात तिथेही पुसटच येणार.

कॅसेटवाल्यांचं मात्र अजून एक आहे, मध्ये कधीतरी तिची डीव्हीडी करून घेतलेली असते आणि तीच घेऊन येतात, तिच्यात कॉम्प्रेशन आणखी वाढलेलं. म्हणून आधी विचारायचं, मूळ कॅसेट घरात आहे का.