तिसरी आपटी

बारामती किंवा गोंदियाच्या विमानतळाजवळ सकाळी घटकाभर थांबलं, तर तेच ते छोटं विमान पुन्हा पुन्हा उतरताना आणि चाकं टेकली-न-टेकली तोच परत उडताना दिसतं. आत बहुधा विशीतलं कुणीतरी असतं, व्यावसायिक परवान्याला लागणारे २०० तास जमवत. उडवणं लवकर जमतं, रडवतं ते उतरवणं. शिकाऊ वैमानिकांचे सगळ्यात जास्त अपघात उतरतानाच होतात. वेग कमी असल्यामुळे त्यांत जीव क्वचितच जातो, विमान मात्र मोडतं. आणि ते बहुतेकदा पहिल्या आपटीने मोडत नाही.

चार आसनी सेसना १७२ घ्या. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) उघडून साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने ते धावपट्टीकडे येतं. जमीन चार-पाच मीटरवर आली की योक, म्हणजे विमानाचं हँडल, हळूहळू मागे ओढायचा. नाक वर येतं, वेग ओसरतो आणि पंखांची उचल संपता संपता मागची दोन चाकं अलगद टेकतात. या कृतीला फ्लेअर म्हणतात.

नवशिका भीतीपोटी वेग थोडा जास्तच ठेवतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग १० टक्के जास्त, तर ऊर्जा २१ टक्के जास्त. ती जिरवायची कुठे? त्यात जमिनीलगत हवाही साथ देत नाही. पंखांच्या टोकांशी उठणारे भोवरे जमिनीमुळे नीट फिरू शकत नाहीत, हवेचा विरोध घटतो आणि विमान टेकायचं सोडून तरंगत राहतं. (हा ‘ग्राउंड इफेक्ट’ पंखांच्या लांबीएवढ्या उंचीखाली, इथे सुमारे ११ मीटरखाली, जाणवू लागतो.) खालून धावपट्टी भराभर सरकत असते. विद्यार्थ्याचा धीर सुटतो आणि तो नाक खाली दाबतो.

मग पुढचं चाक आधी टेकतं. ते गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे नाक वर फेकलं जातं, पंखांचा हवेशी कोन वाढतो, उचल वाढते आणि विमान बेडकासारखं उसळतं. मागची चाकं आधी टेकली असती तर उलट घडलं असतं: नाक आपोआप खाली आलं असतं, उचल घटली असती, विमान बसलं असतं. शेपटीला चाक असलेल्या जुन्या विमानांत ही सोयसुद्धा नव्हती.

समोर नुसतं आकाश दिसल्यावर विद्यार्थी योक पुढे ढकलतो. डोळ्यांनी पाहायचं, हाताने हलवायचं, विमानाने ऐकायचं, यात क्षण-दोन क्षण जातात. तोवर विमान स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, आणि वर हा दाब. झोपाळा थांबवायला जावं आणि आपला हात नेमका झोका वाढवणाऱ्या वेळी लागावा, तसं होतं. दुसरी आपटी पहिलीपेक्षा जोरात बसते, तिसरी त्याहून जोरात. लाटांवर उड्या मारत जाणाऱ्या पोर्पॉइझ या डॉल्फिनसारख्या प्राण्यावरून याला पोर्पॉइझिंग म्हणतात.

सेसनाच्या पुढच्या चाकाचा दांडा इंजिन आणि कॉकपिटमधल्या फायरवॉल नावाच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेला असतो. तिसऱ्या आपटीपर्यंत त्या भिंतीला सुरकुत्या पडतात, नाहीतर दांडाच मोडतो आणि फिरता पंखा जमिनीला घासतो. पंख्याचं पातं बोटभर वाकलेलं दिसलं तरी इंजिन उघडून क्रँकशाफ्ट (पंखा फिरवणारा मुख्य दांडा) तपासावा लागतो.

उपाय एका ओळीचा आहे: उसळी मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण शक्ती, देऊन पुन्हा वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. पण तोही सरावाशिवाय जमत नाही. पूर्ण शक्ती मिळताच नाक डावीकडे ओढतं, उतरण्यासाठी लावलेल्या ट्रिममुळे (नाक ठरावीक कोनात धरून ठेवणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीमुळे) ते वरही जातं, आणि घाईत सगळे फ्लॅप एकदम मिटले तर विमान खचतं.

म्हणून प्रशिक्षक शेजारी बसून एकच घोकत असतात, “लांब बघ.” नजर चाकांपुढच्या डांबरावर असली तर सगळं धूसर पळतं आणि हात झटके देतो. धावपट्टीच्या पार टोकाकडे पाहिलं की उंची डोळ्यांच्या कडांना कळते.

पहिल्या एकट्याच्या उड्डाणात हा आवाज नसतो. उजवी खुर्ची रिकामी असते, विमान सत्तर-ऐंशी किलोंनी हलकं झालेलं असतं. ते भरकन चढतं, हे कुणाच्याही लक्षात येतं. पण नेहमीच्याच वेगाने उतरायला आलं, तर ते धावपट्टीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ तरंगतं.