रंगवायचे पोकळ अक्षर कसे घडते

बालवाडीतल्या मुलांना रंगवायला कागदभर मोठे, आतून कोरे असलेले अक्षर द्यायचे, तर ते काम वरवर अगदी सोपे वाटते. संगणकावर अक्षर टाइप करायचे, आकार वाढवायचा, काळा रंग काढून फक्त कड ठेवायची आणि छापायचे. मुंबईतल्या अनेक बालवाड्यांच्या भिंतींवर अशी अक्षरे लावलेली असतात. जवळ जाऊन पाहिले, तर त्यांतल्या पुष्कळ अक्षरांच्या पोटात नको त्या रेघा दिसतात: शिरोरेषेच्या मधोमध उभ्या फटी, काना जिथे जुळतो तिथे आडवा छेद, उकाराच्या मुळाशी जास्तीचा कोपरा. छापणाऱ्याच्या हातून काही चुकलेले नसते. या रेघा फॉन्टच्या रचनेतच असतात, आणि ती रचना समजली की त्या काढताही येतात.

फॉन्टमध्ये अक्षराचे चित्र साठवलेले नसते. त्याच्या कडेवरचे मोजके बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांचे गणित एवढेच त्यात असते. हे वक्र मोटार कारखान्यांतून आले. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तल्जो यांनी १९५९ साली, आणि त्यानंतर रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी, गाडीच्या पत्र्याचा बाक अचूक सांगता यावा म्हणून ही पद्धत बसवली. आज त्यांना बेझिए वक्र म्हणतात. १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेने अक्षरांसाठी चार बिंदूंचे वक्र वापरले, तर १९९१ च्या ट्रूटाइप या फॉन्टच्या प्रकाराने तीन बिंदूंचे. गणित साठवलेले असल्यामुळे अक्षर नखाएवढे काढा किंवा दाराएवढे, कड तितकीच गुळगुळीत राहते. याउलट इंटरनेटवरून उतरवलेले २०० पिक्सेल रुंदीचे चित्र २०० मिलिमीटर रुंद छापले, तर प्रत्येक पिक्सेल एक मिलिमीटरचा चौकोन होतो आणि गोलाईला पायऱ्या पडतात. इंचाला ६०० ठिपके काढणाऱ्या प्रिंटरचा ठिपका जेमतेम ०.०४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे दोष प्रिंटरचा नसतो.

आता त्या नको असलेल्या रेघांकडे वळू. कडेच्या आत कुठे शाई भरायची आणि कुठे नाही, हे संगणक एका बेरजेने ठरवतो. ‘ब’ घ्या. त्याची बाहेरची कड एका दिशेने फिरते आणि पोटातल्या मोकळ्या जागेची कड उलट्या दिशेने. एखाद्या बिंदूपासून अक्षराबाहेर जाणारी सरळ रेघ मनात ओढायची. एका दिशेची कड ओलांडली की एक मिळवायचा, उलट्या दिशेची ओलांडली की एक वजा करायचा. उत्तर शून्य आले तर जागा कोरी, नाहीतर काळी. पोटातल्या बिंदूपासून निघालेली रेघ आधी आतली आणि मग बाहेरची कड ओलांडते, बेरीज शून्य होते आणि पोट कोरे राहते.

या नियमामुळे एक मोठी सोय होते. दोन आकार एकमेकांवर चढले, तर चढलेल्या भागात बेरीज दोन होते, शून्य होत नाही, म्हणून तो भाग काळाच राहतो. देवनागरीचे फॉन्ट या सोयीवर उभे आहेत. प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते, आणि शेजारच्या तुकड्याशी जोडताना फट राहू नये म्हणून त्याचे टोक किंचित पुढे काढलेले असते. ‘कमळ’ असे काळ्या शाईत छापले की तिन्ही तुकडे मिळून एक सलग रेघ दिसते. तोच शब्द पोकळ केला की शाई निघून जाते आणि लपलेली प्रत्येक कड उघडी पडते: ‘क’च्या तुकड्याचे उजवे टोक आणि ‘म’च्या तुकड्याचे डावे टोक, म्हणजे एकाच सांध्यावर दोन उभ्या रेघा, जशा लोकलच्या दोन डब्यांच्या जोडावर दिसतात. वेलांटी, उकार आणि रफार यांचेही असेच होते, कारण त्यांतले बरेचसे वेगळे आकार म्हणून अक्षराला येऊन चिकटतात. जाडी कमीजास्त करता येणाऱ्या नव्या व्हेरिएबल फॉन्टांत तर एकाच अक्षराचे भागही एकमेकांवर चढवलेले असू शकतात, त्यामुळे सुटे ‘क’ काढले तरी त्याच्या आत छेद दिसतात. रोमन लिपीत अक्षरे सुटी राहतात, म्हणून तिथे ही अडचण क्वचितच जाणवते.

उपाय असा की शब्दाचे सगळे तुकडे वितळवून एकच आकार करायचा. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप करावा, मग पाथ मेनूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन अक्षरांचे वक्रांत रूपांतर करावे, अक्षरांचा गट झालेला असेल तर तो सोडवावा, सगळे आकार निवडावेत आणि ‘युनियन’ द्यावे. क्रम महत्त्वाचा आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणे, ‘क’ आणि ‘ष’ यांचा ‘क्ष’ करणे, रफार वर चढवणे ही कामे टाइप केलेल्या मजकुरावरच होतात. एकदा वक्र झाले की संगणकाच्या दृष्टीने ते अक्षर उरत नाही. याचा एक फायदाही आहे: अशी पीडीएफ स्टेशनबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात नेली, तरी तिथे फॉन्ट नाही म्हणून अक्षरांचे चौकोन होत नाहीत. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला टेकत नसल्याने सुटाच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. कडेची रेघ आकाराच्या सीमेवर निम्मी आत आणि निम्मी बाहेर बसते, म्हणून तीन मिलिमीटरची रेघ दोन्ही बाजूंनी मिळून दोन कडांमधल्या रंगवायच्या पट्ट्यातले तीन मिलिमीटर खाते. कोपऱ्यांचा जोड गोल ठेवावा, नाहीतर ‘र’ आणि ‘स’च्या टोकांना काटे फुटतात.

फॉन्ट निवडताना पट्ट्याची जाडी पाहायची. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात एकेकाळी शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ पडद्यावर मजकूर वाचण्यासाठी आहे. तो पोकळ केला तर रंगखडूला जागाच उरत नाही. मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि त्यांच्या जाड आवृत्त्या या कामाला चांगल्या चालतात. गोल टोकांचा ‘बालू’ मला अधिक योग्य वाटतो.

जाडीचा प्रश्न केवळ रंगखडूच्या सोयीचा नाही. लहान मूल पोकळ ‘व’ रंगवताना पुष्कळदा अक्षराचा पट्टा सोडून नेमके त्याचे पोट रंगवते. मोठी माणसे याला निष्काळजीपणा समजतात, पण मुलाची नजर अगदी नियमाने चाललेली असते. डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ साली दाखवले की समोरच्या दृश्यातला एक भाग आपण ‘वस्तू’ म्हणून पाहतो आणि उरलेला ‘पार्श्वभूमी’ म्हणून. चारी बाजूंनी वेढलेला, लहान, बाहेरच्या बाजूला फुगलेला भाग सहसा वस्तू ठरतो. पोकळ ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटाला हे तिन्ही गुण लागू पडतात, तर खरे अक्षर म्हणजे त्या पोटाभोवती वळणारा पट्टा असतो. वाचता येणारा माणूस ओळखीच्या बळावर तो पट्टा पाहतो. मुलाकडे ती ओळख अजून नसते, आणि तीच तर त्याला द्यायची असते. पट्टा जाड केला की पोट लहान होते, पण फार जाड केल्यास ‘ब’ची तिरकी रेघ आणि ‘ष’चा छेद गिळले जातात.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे बाहेरची जागा आणि अक्षराचे पोट या दोन्ही ठिकाणी एकच फिकी राखाडी छटा भरणे आणि फक्त पट्टा पांढरा ठेवणे. सारख्या पोताचे भाग नजर आपोआप एका गटात घालते, त्यामुळे पोट पार्श्वभूमीत जाऊन बसते आणि अक्षर उठून येते. लेझर प्रिंटर राखाडी रंग बारीक काळ्या ठिपक्यांनी भासवतो, म्हणून छटा अगदी फिकी घ्यावी, आणि कडेची रेघ मात्र पूर्ण काळी ठेवावी. राखाडी रेघ तुटक येते.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट तपासायला हवी. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून वेगळे असतात, पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांना एकच संकेतांक आहे. कोणते रूप उमटेल हे फॉन्टवर ठरते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी रूप येते. मूल जे रूप तासभर रंगवेल तेच त्याच्या डोळ्यांत बसेल, म्हणून छापण्यापूर्वी ही दोन अक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

छपाईबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. अक्षराच्या मापाचा एक पॉइंट म्हणजे ०.३५२८ मिलिमीटर, पण ५०० पॉइंटचे अक्षर १७६ मिलिमीटर उंच येत नाही, कारण त्या मापात वरच्या मात्रेची आणि खालच्या उकाराची जागाही धरलेली असते. एफोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, तेव्हा मोजपट्टीने मापूनच आकार ठरवावा. झेरॉक्स यंत्रावर १४१ टक्के केले की एफोरचे बरोबर एथ्री होते. लेझरचा टोनर कागदावर वितळवून बसवलेला प्लास्टिकचा थर असतो, तो पाण्याच्या रंगाने फुटत नाही. पुष्कळ इंकजेट प्रिंटरांची शाई ओल्या रंगाखाली पसरते. मुंबईच्या पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा शोषून वाकतो आणि यंत्रात अडकतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर रीम बंद पाकिटातच ठेवलेले बरे.

अशा अक्षरातून मूल नेमके काय शिकते, याबद्दल स्पष्ट असावे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स यांनी लॉरा एंगलहार्ट यांच्यासह २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही रोमन अक्षरे स्वतः लिहिली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही टाइप केली. नंतर तीच अक्षरे पाहताना मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा वाचनाशी निगडित भाग हाताने लिहिलेल्या अक्षरांना अधिक प्रतिसाद देताना आढळले. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांनी तेवढा परिणाम साधला नाही. संशोधकांचा अंदाज असा की स्वतः लिहिताना प्रत्येक वेळी अक्षर थोडे वेगळे, वेडेवाकडे उमटते आणि त्या सगळ्या रूपांतून मेंदू त्याचा गाभा वेचतो. हा अभ्यास रंगवण्यावर नव्हता, पण तयार कडेच्या आत हात फिरवणे गिरवण्याच्या जवळचे आहे. रंगवताना मूल अक्षराकडे बराच वेळ पाहते आणि रंगखडू कडेत थांबवायला शिकते, हा लाभ खराच आहे. त्याला लेखनाची जोड हवी. म्हणून एफोर कागदावर पोकळ अक्षर वरच्या दोन तृतीयांशात बसवावे आणि खालची जागा ठिपके, रेघा, चौकटी यांपैकी काहीही न छापता पूर्ण कोरी सोडावी, म्हणजे रंगवून झाल्यावर मुलाला तेच अक्षर तिथे आपल्या हाताने, हव्या त्या मापाचे, हवे तितक्या वेळा काढता येईल.