रक्त साकळावे, पण तेवढ्याच जागी

सांगली जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पाचटाच्या धारदार कडेने किंवा निसटलेल्या कोयत्याने हात चिरणे ही नित्याची बाब होते. किरकोळ चिरेतून येणारे रक्त काही मिनिटांत आपोआप थांबते. ते थांबते यापेक्षाही, ते फक्त चिरेपाशीच साकळते आणि उरलेल्या शरीरात पातळ राहून वाहत राहते, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे.

रक्तवाहिनी ही नुसती नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो आणि तो नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये सतत सोडत असतो, त्यामुळे शेजारून वाहणाऱ्या प्लेटलेट्स, म्हणजेच रक्तबिंबिका, भिंतीला चिकटत नाहीत. चीर पडताच भिंतीतील स्नायू आकसतात, वाहिनी अरुंद होते आणि गळती मंदावते. मोठी धमनी कापली गेली असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे जखम घट्ट दाबून धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

आतला थर फाटला की त्याखालचे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते. रक्तातील एक लांबलचक प्रथिन त्याला येऊन चिकटते आणि वेगवान प्रवाहाच्या ताणाने उलगडते. उलगडल्यावरच त्यावरील प्लेटलेट्सना पकडणाऱ्या जागा मोकळ्या होतात. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 मध्ये एका कुटुंबातील आनुवंशिक रक्तस्रावाचे वर्णन केले होते, त्यांचेच नाव पुढे या प्रथिनाला मिळाले. ते कमी असलेल्या माणसाच्या प्लेटलेट्सची संख्या तपासणीत अगदी योग्य भरू शकते, तरीही नाकातून किंवा हिरड्यांतून येणारे रक्त त्याला लवकर आवरत नाही.

प्लेटलेट्स या पूर्ण पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे ते सुटे झालेले तुकडे असून त्यांची रुंदी 2 ते 4 मायक्रॉन असते, त्यांना केंद्रक नसते आणि त्या सुमारे आठ ते दहा दिवस जगतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. इटलीचे जुलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये जिवंत प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांत त्या इजेच्या जागी गोळा होताना पाहिल्या. चिकटलेली प्लेटलेट आपला चकतीसारखा आकार सोडून चहूबाजूंनी बारीक फाटे काढते आणि एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही द्रव्ये सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावते. ॲस्पिरिन नेमके हे थ्रॉम्बॉक्सेन बनणे बंद पाडते. केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) पुन्हा तयार करता येत नाही, म्हणून गोळी थांबवली तरी तिचा परिणाम पुढे आठवडाभर रेंगाळतो.

एवढ्याने तयार झालेले बूच तात्पुरते असते. रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवरील एक प्रथिन रक्ताच्या संपर्कात येताच रक्तद्रवातील घटक एकामागून एक कार्यान्वित होतात. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे चिवट फायब्रिन-तंतूंत रूपांतर करते. या अभिक्रिया मुख्यतः कार्यान्वित प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावर घडतात, तर शेजारच्या धड भिंतीवर थ्रॉम्बिनला आवर घालणारी प्रथिने बसलेली असतात. गुठळी जागच्या जागी राहते ती यामुळे. सांगली ही हळदीची पेठ असल्याने घरोघरी जखमेवर हळद दाबली जाते. माझ्या मते तेथे खरे काम हळदीपेक्षा दाबाचे असते, आणि ते स्वच्छ कापडानेही तितकेच होते.

ही जागेची मर्यादा सुटली तर काय होते, ते घोणसाच्या दंशात दिसते. नागपंचमीमुळे याच जिल्ह्यातील शिराळ्याचे नाव नागाशी जोडले गेले असले, तरी नागाचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर मारा करते. घोणसाच्या विषातील विकरे मात्र रक्त साकळवणाऱ्या या घटकांपैकी पाचवा व दहावा घटक थेट कार्यान्वित करतात. त्यासाठी कोठे जखम असावी लागत नाही. सर्व शरीरभर थ्रॉम्बिन बनू लागते, फायब्रिनोजेन संपून जाते, आणि साकळण्याच्या या अतिरेकातूनच रक्त साकळेनासे होते. विषातील काही प्रथिने सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतीही कमकुवत करतात, त्यामुळे हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येऊ लागते.

याची साधी तपासणी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात करता येते. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करतात. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे असे मानून प्रतिसर्पविष, म्हणजे विषावरचा उतारा, देतात. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच साकळण्याची सुरुवात होते; प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही पातळ राहून दिशाभूल करू शकते. प्रतिसर्पविष दिल्यानंतर हीच तपासणी सहा तासांनी पुन्हा करतात, कारण विष निकामी झाले तरी खर्ची पडलेले घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला साधारण तेवढा वेळ लागतो.