जॉयस्टिकची खरखर

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "ओ मामा, विमान सारखं डावीकडं पळायलंय. उजळाईवाडीवरनं टेकऑफ घेतला आणि नाक वर उचललं की खाडकन डावीकडं, थेट उसात! जॉयस्टिक गेली बघा, नवीन घ्यायला लागत्या."

घाबरू नका, विमान कॉम्प्युटरवरच्या गेममधलं, आणि उजळाईवाडी म्हणजे आमच्या कोल्हापूरचा विमानतळ. ते विमान उडवायची दांडी म्हणजे ही जॉयस्टिक, दोन वर्षांपूर्वी मीच घेऊन दिलेली, साडेचार हजाराची, त्यामुळं "नवीन" शब्द ऐकल्यावर माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरचं सामान पिशवीत घातलं आणि मंगळवार पेठेत ताईकडं हजर झालो. मिसळ नंतर, आधी काम. (ताईनं आधी मिसळच वाढली, तो भाग सोडा.)

भाच्याला पहिलं सांगितलं की आता तासभर विमान बघायचं नाही, नुसते आकडे बघायचे. कारण जॉयस्टिकला विमान-बिमान काय कळत नाही, ती बिचारी सेकंदाला शंभरेक वेळा कॉम्प्युटरला आकडे पाठवते, दांडी पुढंमागं किती, डावीउजवीकडं किती, पिळली किती, बस्स. त्या आकड्यांचं विमान करणं हे गेमचं काम. म्हणजे गडबड कुठं आहे हे शोधायचं तर मधला गेम बाजूला काढायचा आणि आकडे थेट बघायचे. विंडोजमध्ये त्याची सोय आहे, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायचं, तिथं इंग्रजीत जॉय डॉट सीपीएल टाइप करायचं, की लावलेल्या जॉयस्टिकची यादी येते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलं की टेस्टच्या टॅबवर पट्ट्या हलताना दिसतात, आणि कॅलिब्रेशन चालू असताना रॉ डेटा दाखवायचा चौकोन टिक केला की चक्क आकडेच दिसतात. बऱ्याच जणांना ही खिडकी माहीतच नसते, गेमच्या सेटिंगमध्येच दोन दोन दिवस खटपट करत बसतात.

आता हा आकडा येतो कुठून? आमची स्टिक पॉटवाली, म्हणजे पोटेन्शिओमीटरची. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचा कान आठवतोय? तीच वस्तू. कार्बनचा एक अर्धगोल पट्टा, त्याच्या एका टोकाला 5 व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड म्हणजे 0, आणि पट्ट्यावरून घासत फिरणारी एक पत्र्याची जीभ. जीभ बरोबर मधे असली की तिला अडीच व्होल्ट मिळतात, 5 व्होल्टाच्या टोकाकडं सरकली की जास्त, उलट्या बाजूला कमी. आतली चिप ते व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करते. आमच्या स्टिकमध्ये पिळायच्या अक्षाला 8 बिट आहेत, म्हणजे 0 ते 255, मधे साधारण 128. एका पायरीला साधारण 0.02 व्होल्ट! एवढुशा फरकावर विमानाचं शेपूट हलतंय म्हटल्यावर पट्ट्यावर बसलेली धूळ काय करत असेल बघा.

आमच्या गल्लीत एक रेडिओवाले काका होते, आवाजाचा कान फिरवताना खर्र खर्र झालं की ते म्हणायचे "कार्बन खराब झालाय." जॉयस्टिकमध्ये हीच खरखर होते, फक्त ती ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसते. जीभ धुळीवरून जाताना क्षणभर उचलली जाते, चिपला भलतंच व्होल्टेज दिसतं आणि आकडा 128 वरून एकदम 170, परत 128, परत 90 असा नाचतो. आणि हे सगळ्यात जास्त होतं मधोमध, कारण दांडीचा मुक्काम कायम मधेच, तिथंच घासघासून पट्टा झिजतो.

तर मी गेल्या गेल्या हेच निदान ठोकून दिलं. धूळ! पावसाळ्यात चार महिने ओल, उरलेले दिवस रस्त्यावरची धूळ, दुसरं काय असणार. बुडाखालचे रबर काढले, त्याच्याखाली स्क्रू लपलेले असतात, खोललं, पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दांडी पन्नास वेळा पिळली, वाळू दिलं. इथं एक सांगून ठेवतो, कोविडपासून घराघरात पडलेली सॅनिटायझरची बाटली ह्यासाठी वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि पाणी असतं, चिकट थर बसतो. शिलाई मशीनचं तेलही नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर नाहीतर शुद्ध आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मागायचं.

जोडलं, लावलं, फरक शून्य. भाचा माझ्याकडं असा बघायला लागला की मिसळीचा हिशेब मागतोय की काय.

मग शांत बसून आकडे नीट बघितले, जे आधीच करायला पाहिजे होतं. दांडी नुसती पिळली तर 0 पासून 255 पर्यंत आकडा तुपासारखा सरकत होता, कुठंही नाचत नव्हता. पण दांडी न पिळता नुसती मागं ओढली की पिळायच्या अक्षाचा आकडा 128 वरून धाडकन 0! पुढं सोडली की परत 128. आणि विमानाचं नाक वर उचलायला दांडी मागंच ओढतात, म्हणून टेकऑफलाच उसात. एक अक्ष हलवल्यावर दुसरा उडतोय म्हणजे पट्टा निर्दोष, दुखणं तारेत आहे. पिळायचा पॉट मुठीत असतो आणि त्याच्या बारीक तारा दांडीतून खाली येतात, दांडी जितक्या वेळा वाकते तितक्या वेळा त्या तारा त्याच जागी वाकतात. पत्र्याचा तुकडा दोन्हीकडं वाकवून वाकवून मोडायचा असतो तसंच.

बरं, कुठली तार तुटली हेही आकडाच सांगतो, मला तर ह्यातच सगळ्यात मजा वाटते. तीन तारा आहेत. 5 व्होल्टवाली तुटली तर पट्ट्यावर व्होल्टेजच येत नाही, जीभ कुठंही असो, पट्ट्यातून तिचा संबंध फक्त ग्राउंडशी उरतो, आकडा 0. ग्राउंडची तुटली तर उलटं, जीभ कुठंही असो सगळीकडं 5 व्होल्टच, आकडा 255. आणि जिभेची तार तुटली तर चिपला धरायला काहीच नाही, आकडा वाऱ्यावर भटकतो, हात जवळ नेला तरी बदलतो. आमचा 0 वर पडत होता, म्हणजे 5 व्होल्टवाली. परत खोललं, दांडी मागं ओढून मल्टिमीटरचा बीप लावला, लाल तारेवर बीप गायब. वरचं प्लास्टिक साबूत, आत तांबं तुटलेलं, दांडी सरळ असली की दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची. तुटका भाग कापला, जरा लांब आणि मऊ तार जोडली, सोल्डर केलं, वाकायला सैल जागा ठेवली. खर्च म्हणाल तर एक वीत तार.

इथं कॅलिब्रेशनबद्दल बोलायला पाहिजे, कारण लोक सगळ्यात आधी तेच करतात. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नाही, ते फक्त कॉम्प्युटरला सांगणं आहे की ह्या स्टिकचं मधलं एवढं, कमीत कमी एवढं, जास्तीत जास्त एवढं. स्प्रिंग जरा ढिली पडून मधलं 128 चं 134 झालं असेल तर कॅलिब्रेशन उत्तम उपाय. पण आकडा नाचत असताना कॅलिब्रेट केलं तर ती खोटी उडीच टोक म्हणून लिहून ठेवली जाते आणि मग दांडी पूर्ण दाबली तरी विमान अर्धंच वळतं. डेडझोनचंही तसंच, मधला थोडा भाग मेलेला धरायचा, नाच झाकला जातो, पण लँडिंगला तोच मधला बारीकसारीक भाग लागतो, मग विमान दारू प्यायल्यासारखं डुलतं. मी तरी डेडझोन फार वाढवत नाही.

स्टिक मधेच पूर्ण गायब होत असेल, विंडोजचा टुडुंग आवाज येऊन परत येत असेल, तर आत खोलायच्या आधी यूएसबीची वायर हलवून बघा आणि स्टिक हबमधून काढून मागच्या पोर्टला लावा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. आणि आकडे सगळे ठीक पण गेममध्येच गोंधळ असेल तर एकच काम दोन वस्तूंना वाटून दिलेलं असतं, शेजारी लावलेला गेमपॅडही रडर, म्हणजे विमानाच्या शेपटाचं सुकाणू, चालवत असतो.

भाच्यानं विचारलं की मग तार-पट्टा काहीच घासत नाही अशी स्टिक नसते का? असते, हॉल सेन्सरची. 1879 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एडविन हॉल नावाचा विद्यार्थी सोन्याच्या वर्खातून करंट सोडून त्याला चुंबकात धरत होता. (गुजरीतल्या सराफांनी हे वाचून हसू नये.) चुंबकामुळं करंट जरा एका कडेला ढकलला जातो आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, चुंबकाचा जोर आणि दिशा बदलली की तेही बदलतं. आज सोन्याऐवजी चिमुकली चिप, दांडीला चुंबक, दोघांमध्ये नुसती हवा. इलेक्ट्रिक स्कूटरची मूठ पिळता ना, त्यातही हाच सेन्सर असतो. झिजायला काही नाही. पण तारा त्यालाही असतात आणि त्या वाकतातही, आणि स्पीकरचं दणकट चुंबक अगदी चिकटून ठेवलं तर मधला आकडा सरकू शकतो.

संध्याकाळी स्टिक जोडली. आकडे शहाण्यासारखे, दांडी मागं ओढली तरी 128 चं 128. गेम लावला, उजळाईवाडी, एक पंख्याचं छोटं विमान सेसना, थ्रॉटल (इंजिनाचा जोर) फुल्ल. आणि विमान हळूहळू परत डावीकडं! आता खाडकन नाही, पण सरकतंय तर खरं. भाचा म्हणाला, "मामा, तार परत सुटली."

"आकडा बघ." 128. "बरं, आता दुसरं विमान घे, दोन जेट इंजिनांचं." घेतलं, ते सुतासारखं सरळ गेलं. स्टिक तीच, धावपट्टी तीच, फरक फक्त पंख्याचा. सेसनाचा पंखा पायलटच्या जागेवरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याचा उलटा झटका विमानाचं डावं चाक खाली दाबतो, पंख्यामागचा वारा गोल गोल फिरत येऊन शेपटाच्या डाव्या बाजूवर आपटतो, आणि नाक वर असताना उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त कोनात कापतं म्हणून तिकडं ओढ जास्त. सगळ्यांचा परिणाम एकच, नाक डावीकडं. खऱ्या सेसनातही पायलट टेकऑफला उजवं पेडल दाबूनच धरतो.

भाच्यानं परत सेसना घेतलं, थ्रॉटल सारताना दांडी उजवीकडं जराशी पिळून धरली, जास्त झाली, विमान उजवीकडच्या गवतात गेलं. तिसऱ्या खेपेला जमलं. मग ताईनं हाक मारली की जेवायचं ताटात वाढलंय, आणि भाचा ओरडला, "थांब गं, रंकाळा दिसायलाय!"