मॉरिशसच्या पॅकेजमध्ये चागोस का नाही?

मॉरिशसचं बुकिंग सुरू झालं की कुणीतरी विचारतंच, "ते डिएगो गार्सिया बातम्यांत असतं ना, तिकडे एक-दोन रात्री अॅड करता येतील का हो?" फोनवर सांगायला घेतलं की लांबतं, म्हणून हे छापूनच ठेवलंय, चहा पिता पिता वाचा.

डिएगो गार्सिया हे हिंदी महासागरातल्या चागोस बेटसमूहातलं सगळ्यात मोठं बेट. उत्तर आधी सांगतो. नाही जाता येत. आम्हीच काय, कुठलीच टूर कंपनी नेऊ शकत नाही, कारण तिथे पॅसेंजर फ्लाइट नाही, हॉटेल नाही, आणि डिएगो गार्सिया हा अख्खा ब्रिटन-अमेरिकेचा लष्करी तळ आहे. भारतीय पासपोर्टला मॉरिशसमध्ये व्हिसा लागत नाही हे खरं, पण त्याचा इथे काही उपयोग नाही. आणि मॉरिशसपासून चागोसचं अंतर २,००० किमीहून जास्त आहे, त्यापेक्षा मालदीवचं दक्षिण टोक जवळ, साधारण ५०० किमी. म्हणजे "बोटीने पटकन जाऊन येऊ" हे डोक्यातून काढून टाका.

आता तुम्ही म्हणाल बेट आहे, नारळ आहेत, मग माणसं कुठे गेली? तर माणसं होती हो. १८ व्या शतकाच्या शेवटी फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून तिथे नारळाच्या बागा लावल्या, नंतर थोडे आपल्याकडचे गिरमिटियेही गेले, आणि पाच-सहा पिढ्यांत डिएगो गार्सिया, पेरोस बान्योस आणि सॅलोमन या बेटांवर त्यांची क्रिओल भाषा, चर्च, दफनभूमी असं सगळं गाव उभं राहिलं. काम खोबऱ्याचं, मालक मळेवाला.

१९६५ मध्ये, म्हणजे मॉरिशस स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडून वेगळा प्रदेश केला आणि मॉरिशसला ३० लाख पाउंड दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेशी ५० वर्षांचा करार, तळासाठी. तळाला माणसं नकोत, म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदोपत्री असं दाखवायचं ठरवलं की इथे कायमचं कुणी राहतच नाही, हे सगळे कंत्राटी मजूर आहेत. आजोबा-पणजोबा तिथल्याच मातीत पुरलेले आणि म्हणे कंत्राटी! हे एकदा लिहिलं की तिथल्या लोकांच्या हक्कांबद्दल यूएनला (संयुक्त राष्ट्रांना) उत्तर द्यायची भानगडच राहत नाही. आमच्या मते सगळ्या प्रकरणाची मेख हीच आहे.

१९६८ ते १९७३ मध्ये दीड ते दोन हजार लोक हलवले. आधी जे औषधपाण्याला मॉरिशसला गेले होते त्यांना परतीची बोटच मिळाली नाही, मग बेटांवर सामान यायचं कमी झालं, मग १९७१ मध्ये कायदाच काढला की परवान्याशिवाय राहायचं नाही. लोकांचे पाळीव कुत्रे पकडून खोबरं सुकवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारले. माणसांना जेमतेम एखादी पेटी घेऊन नॉर्दवेअर नावाच्या बोटीत भरलं, आणि काहींना मॉरिशसला तर काहींना सेशेल्सला उतरवून दिलं. घर नाही, काम नाही. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत कितीतरी कुटुंबांची आयुष्यं गेली. १९८२ मध्ये ४० लाख पाउंडांची भरपाई ठरली, पण पैसे घेताना इंग्रजी कागदांवर अंगठे घेतले गेले, परत जायचा हक्क सोडला असं त्यात होतं, आणि बऱ्याच जणांना ते वाचताही येत नव्हतं.

मग कोर्टबाजी, आणि ती लांबलचक. ऑलिव्हिए बँकू लहानपणी पेरोस बान्योसहून आलेले, पेशाने इलेक्ट्रिशियन, त्यांनी लंडनमध्ये केस लावली आणि २००० च्या नोव्हेंबरमध्ये जिंकले, हाकलणं बेकायदेशीर ठरलं. पण डिएगो गार्सिया सोडून बाकी बेटांवर परतायची वाट उघडली न उघडली तोच २००४ मध्ये सरकारने राणीच्या नावे आदेश काढून, संसदेत चर्चाही न करता, ती परत बंद केली. खालची दोन कोर्टं लोकांच्या बाजूने गेली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टात, ते ३ विरुद्ध २ ने हरले. एका मताने! २०१२ मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने जुन्या भरपाईकडे बोट दाखवून दार लावलं. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ ने सांगितलं की बेटं तोडणंच बेकायदेशीर होतं, ब्रिटनने ताबा सोडावा, तर ब्रिटन म्हणे हा फक्त सल्ला आहे.

इथे एक घोळ होतो तो लक्षात घ्या. हेगचा निकाल मुख्यतः मॉरिशस देशाच्या हक्काचा, बेटवाल्या माणसाच्या घराचा हक्क ही वेगळी गोष्ट. २०२२ च्या कायद्याने त्यांच्या वंशजांना ब्रिटिश नागरिकत्व फुकट मिळू शकतं, बरेच जण गॅटविक एअरपोर्टजवळच्या क्रॉली गावात राहतात, पण पासपोर्ट मिळाला म्हणून बेटावर राहता येतं असं नाही. २२ मे २०२५ ला ब्रिटन-मॉरिशसने सही केलेल्या करारात बेटं मॉरिशसला, तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे, आणि वस्ती करायची तर डिएगो गार्सिया सोडून. मॉरिशस वस्ती करू "शकतं", करेलच अशी हमी नाही. म्हणून बेटवाल्यांतच दोन तट आहेत, बँकूंचा गट कराराच्या बाजूने, आणि डिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन बायका सहीच्या दिवशीच कोर्टात, की आम्हाला विचारलं कुणी? दोन्हीकडे मुद्दा आहे असं आम्हाला वाटतं, पण विचारायला हवं होतं हे नक्की.

पोर्ट लुईत तुमचा ड्रायव्हर किंवा हॉटेलातली मावशी चागोसवाली निघू शकते. आपणहून बोलल्या तर ऐका, उगाच मोबाइल पुढे धरून खोदून विचारू नका.

आणि कुणी "चागोस एक्सक्लुझिव्ह" म्हणून पॅकेज विकत असेल तर आधी परवाना दाखवा म्हणावं. स्वतःची यॉट असलेले लोक परवाना काढून बाहेरच्या बेटांजवळ नांगर टाकत आलेत, ते वेगळं. ॲडव्हान्स मात्र अजिबात देऊ नका, आधी आम्हाला फोन करा.