कंदिलाला न कळणारा वायू

विहिरीचा गाळ काढताना मजूर गुदमरले की बातमीत 'विषारी वायूमुळे' एवढंच छापून येतं. कुठला वायू, आला कुठून, काही नाही. गावात मग 'आसरांनी', म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, 'ओढलं' म्हणत नारळ फुटतो. आसरा इंजिन चालवत नाहीत.

पंपाला पाणी खालून ओढून घेता येतं ते जेमतेम ७-८ मीटर. त्यामुळे विहीर खोल असली की पेट्रोलचा पंपच यारीने आत सोडतात. अशा छोट्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड काही टक्के असू शकतो. त्याचा रेणुभार २८, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो तळाशी बसत नाही, नुसता हवेत मिसळून राहतो. उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत ऑक्सिजन कमी आहे का एवढंच सांगते. ०.१ टक्का मोनॉक्साइडमध्ये कंदील खुशाल जळतो.

आणि ०.१ टक्का पुष्कळ झाला. हिमोग्लोबिनला या वायूची ओढ ऑक्सिजनच्या सुमारे २१० पट. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. ०.१ गुणिले २१० म्हणजेही २१! पुरेसा वेळ ती हवा घेतली तर निम्मं हिमोग्लोबिन मोनॉक्साइडच्या ताब्यात.

पण रक्तक्षयाने हिमोग्लोबिन १४ वरून ७ वर आलेल्या बाया आपल्याकडे दिवसभर खुरपताना दिसतात. मोनॉक्साइडने निम्मं अडवलं तर माणूस बेशुद्ध का पडतो? हिमोग्लोबिनच्या रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात आणि त्या एकमेकींच्या प्रभावाखाली चालतात. एखाद्या जागेवर मोनॉक्साइड बसला की रेणूचा आकारच बदलतो आणि उरलेल्या जागा आपला ऑक्सिजन जास्तच घट्ट धरतात. ऑक्सिजनचा दाब आणि हिमोग्लोबिनची संपृक्तता (म्हणजे त्याच्या किती जागा ऑक्सिजनने भरल्यात) यांचा इंग्रजी एस-सारखा आलेख डावीकडे सरकतो, त्याचा बाक सपाट होतो. मेंदूपर्यंत ऑक्सिजन पोचतो, पण सुटत नाही.

माणूस कोसळला तर मागोमाग विहिरीत उतरू नका. दोराने वर ओढा. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला ४-५ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. आणि आत इंजिन चालू होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला दोन्ही वायूंनी लाल झालेलं रक्त सारखंच दिसतं. तो ९८ दाखवत राहील.